हिवाळी ऑलिंपिकचे यजमानपद

हिवाळी ऑलिंपिकचे यजमानपद : बर्फावरच्या खेळांची ही जागतिक स्पर्धा आपल्याकडे भरवण्याचा मान, आणि तिच्यासाठी जे बांधले ते नंतर सांभाळण्याची जबाबदारी. पहिली स्पर्धा १९२४ साली फ्रान्समधल्या शामोनी गावी झाली. १९९२ पर्यंत ती उन्हाळी ऑलिंपिकच्याच वर्षी होई. १९९४ च्या लिलहॅमर (नॉर्वे) स्पर्धेपासून दोन्हींची वर्षे वेगळी झाली.

सिंहस्थ पाहिलेल्या नाशिककराला यजमानपणाची दगदग समजावून सांगावी लागत नाही. पण तपोवनातले साधुग्राम पर्वण्या आटोपल्या की उठते. तंबू उतरतात, मैदान मोकळे होते. हिवाळी ऑलिंपिकचा पेच नेमका इथे आहे. पाहुणे दोन-अडीच आठवड्यांचे, मांडव मात्र काँक्रीटचा.

सगळ्यांत अवघड वारसा बॉबस्लेच्या, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीच्या, घसरमार्गाचा. डोंगरउतारावरून वळणे घेत उतरणारी ही साधारण दीड किलोमीटरची पन्हळ. तिच्या काँक्रीटमध्ये नळ्यांचे जाळे असते आणि त्यांतून बहुतेक ठिकाणी अमोनिया खेळवून वर बर्फाचा थर धरतात. पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजजवळून जाताना कधी नाकाला झोंबतो, तोच हा वायू. हा खेळ खेळणारे जगातच मोजके, त्यामुळे स्पर्धेनंतर मार्ग ओस पडतो. तुरिनच्या २००६ च्या स्पर्धेसाठी चेझाना येथे बांधलेला मार्ग काही वर्षांतच बंद झाला. साराएव्होचा १९८४ चा मार्ग पुढे बोस्नियाच्या युद्धात तोफांचा मोर्चा बनला. तरीही २०२६ च्या मिलान-कोर्तिना स्पर्धेसाठी इटलीने कोर्तिनात नवा मार्ग बांधलाच. परदेशातला तयार मार्ग वापरा, हा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा आग्रह मानला नाही.

दुसरी अडचण बर्फाचीच. १९६४ मध्ये इन्सब्रुकला हिमवर्षाव झाला नाही, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी डोंगरावरून बर्फ वाहून आणला. २०१० मध्ये व्हँकुव्हरजवळच्या सायप्रस डोंगरावर तो ट्रक आणि हेलिकॉप्टरने पोचवावा लागला. कृत्रिम बर्फ या स्पर्धेत प्रथम १९८० मध्ये लेक प्लॅसिडला वापरला गेला. २०२२ मध्ये बीजिंगची भिस्त जवळपास संपूर्णपणे त्यावरच होती. हा बर्फ पाडायला नुसती थंडी पुरत नाही. थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून मोजले तर पारा शून्याखाली दोन-तीन अंश हवा, तरच फवारलेले थेंब जमिनीवर पडण्याआधी गोठतात. निफाडचा पारा घसरला की त्याची बातमी होते. मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ड्रिप सोडतात. द्राक्षाला ही थंडी जीवघेणी, पण बर्फाच्या यंत्राला ती अपुरीच. शिवाय पाणी अफाट लागते, हे वेगळेच.

खर्चाच्या धास्तीने लोकच यजमानपद नाकारतात, असेही घडले आहे. १९७६ ची स्पर्धा डेन्व्हरला मिळाली होती. १९७२ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी सरकारी पैसा द्यायला नकार दिला आणि स्पर्धा इन्सब्रुकला गेली. २०२२ साठी ऑस्लोने माघार घेतल्यावर बीजिंग आणि अल्माटी हे दोनच दावेदार उरले. बीजिंग ४४ विरुद्ध ४० मतांनी निवडले गेले. त्यानंतर समितीने जाहीर चुरशीऐवजी निवडक शहरांशी थेट बोलणी करण्याची पद्धत आणली आणि स्पर्धा अनेक गावांत विभागण्यास मुभा दिली. २०३० ची स्पर्धा त्यामुळे एका शहराला नव्हे, फ्रेंच आल्प्स प्रदेशाला मिळाली आहे. २०३४ ची सॉल्ट लेक सिटीला.

भारताने ही स्पर्धा भरवलेली नाही. दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा मात्र जानेवारी २०११ मध्ये डेहराडून आणि औली येथे झाल्या. त्यांच्यासाठी डेहराडूनला बांधलेली बंदिस्त आइस रिंक पुढे बरीच वर्षे कुलूपबंद होती.