पहिली खूण शांततेची

बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते: तीन आखूड स्वर आणि एक लांबवलेला. पण कंडक्टर, म्हणजे हाताच्या खुणांनी वाद्यवृंद चालवणारा, तिची स्वरलिपी, म्हणजे स्कोअर, उघडतो तेव्हा सगळ्यात आधी त्याला दिसतो विराम. पहिल्या खंडाच्या, म्हणजे लिपीत उभ्या रेघांनी आखलेल्या तालाच्या पहिल्या घराच्या, चार समान तुकड्यांपैकी पहिला रिकामा आहे. कंडक्टरच्या हाताचा ठोका पडतो त्या शांततेवर, आणि सगळ्या वादकांनी एका श्वासात उठायचं ते त्यानंतर. सम सोडून उठणारा मुखडा ज्यांनी घेतला आहे, त्यांना यातली जोखीम सांगायला नको.

पानावर वर बासरी, ओबो, क्लॅरिनेट आणि 'बसून' हे खर्जातलं फुंकवाद्य, मध्ये हॉर्न, ट्रम्पेट, टिंपनी, तळाशी तंतुवाद्यं. हे सगळं उभं, एकाच नजरेत वाचायचं. त्यात हॉर्नच्या ओळीत लिहिलेला 'सी' हा स्वर प्रत्यक्षात 'ई-फ्लॅट' हा वेगळाच स्वर म्हणून वाजतो. एकही वाद्य हाताशी नसताना हे सगळं मनात वाजू लागेपर्यंत तालमीला जाण्यात अर्थ नसतो.

मग लय. बीथोव्हेननं १८१७ मध्ये मेट्रोनोमचे, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे प्रसिद्ध केले. सिंफनीच्या या पहिल्या भागासाठी मिनिटाला १०८ खंड! अनेकांनी ही लय पाळलीच नाही.

मला सगळ्यात जास्त गुंतवते ती जागा पुढे आहे. दुसऱ्या सुरावटीची ललकारी आधी दोन हॉर्न देतात. तीच ललकारी पुन्हा येते तेव्हा स्वरलिपीत ती बसूनकडे आहे. कारण साधं आहे. ही सिंफनी व्हिएन्नात १८०८ मध्ये पहिल्यांदा वाजली, तेव्हा हॉर्नला व्हॉल्व्ह, म्हणजे नळीची लांबी बदलणाऱ्या कळा, नव्हते. नळीतून आपसूक निघणारे मोजकेच स्वर मोकळे वाजत, आणि दुसऱ्या वेळी पट्टी बदललेली असल्यानं हवे ते स्वर त्यात नव्हते. आजच्या हॉर्नला ते सहज जमतात. म्हणून कित्येक कंडक्टरांनी ही जागा बेलाशक हॉर्नला दिली. बीथोव्हेननंही तेच केलं असतं, असा त्यांचा तर्क.

मला तो पटत नाही. थोडं आधी सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि एकटा ओबो गातो. ओबो आणि बसून दोघंही सनईसारखे दुहेरी पत्तीचे. तो किंचित घोगरा, ओढ लागलेला आवाज तिथे पुन्हा यावा, हेच मला योग्य वाटतं. अर्थात, आधीच्या गर्जनेनंतर दोनच बसून तोकडे पडण्याची भीती असते. म्हणून काही कंडक्टर बसून तसेच ठेवतात आणि सोबत हॉर्नही जोडतात.