नाशिक जिल्ह्यातील नद्या व खोरी

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागातून उत्तर-दक्षिण गेलेली सह्याद्रीची रांग हा द्वीपकल्पातील एक प्रमुख जलविभाजक होय. तिच्या पूर्वेचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागरास, ईशान्येचे गिरणेतून तापीस व पश्चिमेचे थेट अरबी समुद्रास मिळते. राज्याची सीमा मात्र या जलविभाजकावरून जात नाही. सुरगाणा व पेठ तालुक्यांचा मोठा भाग पश्चिम उतारावर असूनही महाराष्ट्रात आहे. तेथील मुसळधार पावसाचे पाणी गुजरातमार्गे समुद्रास जाते आणि उन्हाळ्यात तेथल्याच पाड्यांवर हंडे घेऊन झिऱ्यापाशी (पाझरून पाणी साचणाऱ्या खड्ड्यापाशी) बसावे लागते.

गोदावरी (लांबी सु. १,४६५ किमी.) त्र्यंबकेश्वरजवळील ब्रह्मगिरीवर उगम पावते. नेमक्या उगमस्थानाविषयी एकमत नाही. काही जण डोंगरमाथ्यावरील मूळगंगा, काही कड्यातील गंगाद्वार हे उगमस्थान मानतात; गौतम ऋषींनी कुश टाकून प्रवाह अडविला ते गावातील कुशावर्त, अशी परंपरा आहे. बेसाल्ट या काळ्या खडकाच्या भेगांतून मुरलेले पाणी खालच्या घट्ट थराशी अडते आणि कड्यातून पाझरते. गंगाद्वारचा झरा याच प्रकारचा दिसतो. त्यामुळे उगम एका बिंदूत न शोधता ब्रह्मगिरीचा सगळा माथा व उतार उगमक्षेत्र मानणे अधिक ग्राह्य वाटते. या उतारांवरील खोदाई व वृक्षतोड म्हणजे नदीच्या मुळावरच घाव होय.

त्र्यंबकच्याच परिसरात उगम पावणारी वैतरणा पश्चिमेस वळते व पुढे मुंबईची तहान भागविते. इतके जवळचे उगम विरुद्ध दिशांना का गेले, याचे उत्तर सह्याद्रीच्या कड्याच्या उत्पत्तीत आहे. हा कडा प्रस्तरभंगातून, म्हणजे खडकांचे थर तुटून सरकल्याने, निर्माण झाला असे जुने मत. क्षरणाने (झिजेने) तो हळूहळू पूर्वेकडे सरकत आला, या मताकडे अलीकडे कल अधिक आहे. समुद्र जवळ असल्याने पश्चिमवाहिनी ओढ्यांचा उतार तीव्र असतो, ते माथ्याकडे जोमाने खोदत जातात आणि प्रसंगी पूर्वेकडील प्रवाहांचे शीर्षभाग आपल्याकडे ओढून घेतात. या नदी-अपहरणाचा काळ निश्चित करणे कठीण आहे.

दारणा व कादवा या गोदावरीच्या जिल्ह्यातील मुख्य उपनद्या. कादवेच्या संगमाजवळील नांदूर मध्यमेश्वर हे पक्ष्यांचे आश्रयस्थान २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरले.

सातमाळा रांगेच्या उत्तरेस गिरणेचे खोरे आहे. मोसम तिला मालेगावात मिळते. मोसम व आरम नद्यांवरील फड ही सामूहिक सिंचनाची पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. बंधाऱ्यातून पाट काढायचा, भिजणाऱ्या जमिनीचे फड म्हणजे मोठे भाग पाडायचे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, अशी तिची रीत. पाटकरी पाळीने पाणी देई. पाणी कमी असल्यास एखादा फड सर्वसंमतीने पडीक ठेवीत. ही पद्धत साधारणतः तीन-चारशे वर्षांपूर्वीची मानली जाते, काही अभ्यासक ती याहून जुनी समजतात. पाणी सर्वांचे, हे तत्त्व इतक्या रोखठोकपणे अमलात आणणारी व्यवस्था विरळाच.

पश्चिमेस दमणगंगा, पार, नार व अंबिका या नद्या वाहतात. दमणगंगा दिंडोरी तालुक्यात उगम पावून दमणजवळ समुद्रास मिळते. नार-पारचे पाणी उपसा करून गिरणेत आणणाऱ्या प्रकल्पास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी गुजरातकडे वळविणाऱ्या पार-तापी-नर्मदा जोड योजनेस मात्र विस्थापनाच्या भीतीने आदिवासी गावांचा तीव्र विरोध आहे.