घरावर सोलर बसवताय? आधी लाईट बिलावर कुणाचं नाव आहे ते बघा

पीएम सूर्यघर, म्हणजे घराच्या छतावर सोलर बसवायला सबसिडी देणारी केंद्राची योजना, तिचे अडकलेले अर्ज जेवढे बघण्यात येतात त्यातले निम्मे तरी एकाच ठिकाणी अडकलेले असतात, ते म्हणजे लाईट बिलावरचं नाव. घर आजोबांनी बांधलेलं, मीटर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली, बिल मात्र दर महिन्याला त्यांच्याच नावाने येतंय आणि घरचे इमानदारीत भरतायत. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही म्हणून नाव बदलायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. आता सोलरचा अर्ज करायचा म्हटलं की अर्जदार तोच लागतो ज्याच्या नावावर घरगुती कनेक्शन आहे, आणि सबसिडी जमा होणार ती पण त्याच्याच बँक खात्यात. म्हणजे आजोबांचं खातं पाहिजे.

तेव्हा पॅनलचं कोटेशन मागवायच्या आधी नावबदलाचा अर्ज टाका. महावितरणच्या वेबसाइटवर ऑनलाइन होतो. मृत्यूचा दाखला, घर आता कुणाचं आहे त्याचा पुरावा (गावात ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, शहरात घरपट्टीची पावती), अर्जदाराचं आधार, आणि वारस एकापेक्षा जास्त असतील तर बाकीच्यांची संमती. खरी गोची या शेवटच्या कागदावर होते. एक भाऊ पुण्यात, बहीण सुरतेला दिलेली, आणि सही मागितली की पहिली शंका हीच की घर नावावर करून घेतोय की काय. त्यांना फोनवर नीट सांगा की मीटरवर नाव लागल्याने घराची मालकी बदलत नाही, बिल कुणाच्या नावाने येणार एवढाच विषय आहे. हे सांगायला लाजू नका, कारण सही न मिळाल्यामुळे वर्षभर लटकलेली घरं आहेत. बिल थकलेलं असेल तर तेही आधी भरून टाका.

नाव बरोबर असलं तरी स्पेलिंगचा घोळ असतोच. जुन्या बिलांवर आडनाव आधी आणि पुढे नुसती दोन अक्षरं, आधारवर पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट, पासबुकात तिसराच प्रकार. माणूस एकच पण कॉम्प्युटरला ती तीन माणसं वाटतात, आणि ऑफिसात बसलेला माणूस म्हणतो सिस्टीम घेत नाही, म्हणजे विषय संपला. बिल, आधार आणि पासबुक तिन्ही एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर लावून बघा. दुरुस्ती आधीच करून घ्या, कारण सगळं काम होऊन सबसिडीच्या टप्प्यावर हे उघडं पडलं की पैसे व्हेंडरला (पॅनल बसवून देणाऱ्याला) देऊन झालेले असतात आणि तुम्ही हेलपाटे घालत बसता.

बाकी पात्रता सोपी आहे. घर स्वतःचं, छत सोलर बसण्याजोगं, कनेक्शन घरगुती, आणि सोलरची सबसिडी आधी कधी घेतलेली नसावी. दुकानाच्या किंवा शेतीपंपाच्या मीटरवर या योजनेतलं अनुदान मिळत नाही, पंपाच्या योजना वेगळ्या आहेत. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा धरा, आणि मोकळी म्हणजे दुपारी पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या नारळाची सावली न पडणारी.

आता पैशाचं. केंद्राची सबसिडी पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे १ किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीनला ७८,०००. त्याच्या पुढे तुम्ही पाच बसवा नाहीतर दहा, ७८,००० च्या वर एक रुपया नाही. हे न कळल्यामुळे पाच किलोवॉटला सव्वा लाख सबसिडी धरून हिशेब केलेले लोक भेटतात, आणि तो हिशेब बहुतेकदा एजंटने करून दिलेला असतो. समजा तीन किलोवॉटचं कोटेशन १,९०,००० आलं तर शेवटी घरातून जाणार १,१२,०००. पण सुरुवातीला १,९०,००० चीच सोय करावी लागते, कारण सबसिडी सगळं उभं राहिल्यावर मागाहून येते. हातात एवढी रक्कम नसेल तर तीन किलोवॉटपर्यंत २ लाखांपर्यंतचं विनातारण कर्ज सरकारी बँका देतात, १० टक्के आपले घालायचे, अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून होतो. व्याज रेपो रेटला (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याला) जोडलेलं असल्याने पर्सनल लोनपेक्षा बरंच कमी पडतं, तेव्हा व्हेंडर त्याच्या ओळखीच्या फायनान्स कंपनीकडे नेत असेल तर आधी आपल्या बँकेत विचारा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, जुन्या दराचं कोटेशन कुणी पुढे केलं तर विचारायला मागेपुढे बघू नका.

कमी वापर असणाऱ्यांसाठी राज्याची स्मार्ट नावाची योजना २०२५ मध्ये आली. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एका किलोवॉटला केंद्राचे ३०,००० आणि राज्याचे १७,५०० मिळून ५०,००० च्या सिस्टीमला स्वतःचे फक्त २,५०० भरावे लागतात. महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असणाऱ्या इतर घरांना राज्याचे १०,०००, अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना १५,०००. इथे वापर बिलाच्या रेकॉर्डवरून बघतात. एरवी ६० युनिट जाळणारं घर मे महिन्यात लग्नाच्या पाहुण्यांमुळे १३० वर गेलेलं असतं आणि घरच्यांना आठवतही नसतं, तेव्हा मागची बिलं काढून एकेक महिना बघून घ्या. आणि इथे प्रथम येईल त्याला प्राधान्य आहे, उगाच थांबू नका. याउलट केंद्राच्या योजनेची 'आजच शेवटची तारीख' असे जे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात ते वाचून घाईत सही करू नका. ती योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि २०२६-२७ पर्यंत मंजूर आहे.

केंद्राच्या योजनेच्या जाहिरातीत '३०० युनिट मोफत' असं म्हणतात, ते पण एकदा समजून घ्या. सरकार कुणाच्या घरात ३०० युनिट फुकट सोडत नाही. एक किलोवॉट दिवसाला चारेक युनिट बनवतो, तीन किलोवॉटचे महिन्याला ३५० च्या आसपास होतात, ते तुमच्याच वापरातून वजा होतात, त्याला मोफत म्हटलंय. पावसाळ्यात कमी होतात, मार्च-एप्रिलमध्ये भरपूर. स्थिर आकार तर येतोच, त्यामुळे बिल अगदी शून्य कधी दिसणार नाही. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा धरतात पण मार्चअखेर हिशेब मिटतो आणि शिलकीला मिळणारा दर आपण वीज घेतो त्याच्यापेक्षा बराच कमी असतो, म्हणून कमाई होईल या आशेने गरजेपेक्षा मोठी सिस्टीम घेऊ नका. बिल आधीच पाच-सहाशेच्या आत असेल तर स्वतःच्या खिशातून तीन किलोवॉट घालण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. शंभर युनिटच्या वरचा स्लॅब महाग आहे, खरी बचत तिथे होते.

व्हेंडर पीएम सूर्यघर पोर्टलवर नोंदणी असलेलाच घ्या. 'तुम्ही काही करू नका, सगळं आम्ही बघतो' म्हणणारे बरेचदा अर्जात स्वतःचा मोबाइल नंबर टाकतात, मग ओटीपी त्यांना, मेसेज त्यांना, आणि अर्ज कुठपर्यंत आला ते तुम्हाला त्यांनाच विचारावं लागतं. त्याने फोन उचलायचं बंद केलं की बसा. नंबर आपला, ईमेल आपला, लॉगिन आपल्या हातात. दुसरं, पॅनल डीसीआर पाहिजेत, म्हणजे आतल्या सेलसकट भारतात बनलेले. बिगर-डीसीआर स्वस्त पडतात पण त्यांना सबसिडी नाही, आणि दिसायला दोन्ही सारखेच. कोटेशनवर आणि बिलावर डीसीआर शब्द लिहून घ्या, पॅनलच्या मागच्या स्टिकरवरचे सिरीयल नंबर वर चढवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, एकदा चढले की मागे हात जात नाही. पाच वर्षांची देखभाल व्हेंडरकडेच असते, ते करारात आहे का बघा.

प्रत्यक्ष अर्ज पंधरा मिनिटांचा आहे. पीएम सूर्यघर पोर्टलवर जायचं, राज्य आणि वीज कंपनी निवडायची (मुंबईकरांनो, बेस्ट, अदानी, टाटा आणि महावितरण वेगळे आहेत, बिल बघून निवडा), ग्राहक क्रमांक टाकायचा, महावितरणचा १२ आकडी असतो, आणि अलीकडचं बिल अपलोड करायचं. १० किलोवॉटपर्यंत तांत्रिक तपासणीसाठी अडवत नाहीत, मंजूर भार कमी असेल तर तोही वाढवून धरतात, त्यामुळे 'लोड वाढवायचे वेगळे द्या' म्हणून कुणी पैसे मागितले तर पावती मागा. मग व्हेंडर निवडणं, करार, बसवणं, नेट मीटर (घेतलेली आणि लाईनला परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा), तपासणी.

यानंतर सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो सबसिडी ३० दिवसांत येते म्हणतात त्याचा. लोक पॅनल चढले त्या दिवसापासून मोजतात आणि महिना झाला की ओरड सुरू. नेट मीटर बसून तपासणी झाली, कमिशनिंग रिपोर्ट (सिस्टीम चालू झाल्याचा दाखला) पोर्टलवर आला, त्यानंतर तुम्ही स्वतः लॉगिन करून बँकेची माहिती आणि रद्द केलेला चेक अपलोड करायचा असतो, दिवस तिथून मोजायचे. हे शेवटचं पाऊल राहून गेलेलं असतं आणि कुणी आठवणही करत नाही, वीज कंपनीला वाटतं व्हेंडर करेल, व्हेंडरचे पैसे मिळालेले असल्याने त्याला घाई नसते.

फ्लॅटवाल्यांसाठी एवढंच की गच्ची सगळ्यांची असते, सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. सोसायटीने लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी बसवलं तर किलोवॉटला १८,००० मिळतात, ५०० किलोवॉटपर्यंत.

आणि एक, जे विकणारा सहसा सांगत नाही: लाईट गेली की नेहमीचं ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं सोलर पण बंद पडतं, भर दुपारी ऊन असलं तरी. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच केलेलं असतं. लोडशेडिंगसाठी म्हणून घेत असाल तर बॅटरीवाल्या सिस्टीमचा खर्च वेगळा विचारा, बॅटरीला जादा सबसिडी नाही. सबसिडी अडकलीच तर १५५५५ वर फोन लावा, अर्ज क्रमांक आणि कमिशनिंगची तारीख समोर लिहून ठेवा, आणि तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.