माइल्स आणि पॉइंट्स वाया घालवू नका – आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी,

हे पत्रक काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं. आमच्याकडे तिकीट काढायला येणाऱ्या कितीतरी घरांत एकच गोष्ट दिसते, प्रवास भरपूर आणि माइल्स (विमान प्रवासावर कंपनी देते ते पॉइंट्स, त्यावर पुढे तिकीट निघतं) जवळजवळ शून्य. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, आईबाबा वर्षाआड जाऊन येतात, एका खेपेला लुफ्थान्सा, पुढच्या खेपेला एअर इंडिया, कधी सिंगापूरवरून स्वस्त पडलं म्हणून तसं, आणि दर वेळी एक नवीन खातं उघडलं जातं नाहीतर उघडायचं राहूनच जातं. मग चार ठिकाणी थोडे थोडे पॉइंट्स पडून राहतात आणि मुदत संपली की जातात. तेच सगळे एका जागी जमले असते तर देशातल्या देशात दोन-चार तिकिटं तरी निघाली असती, आणि हे पैसे तुम्ही तिकिटात आधीच भरलेले असतात म्हणून आम्हाला जास्त वाईट वाटतं.

आधी थोडक्यात, हे काय आहे

नेहमीच्या प्रवाशाला माइल्स द्यायची आजची पद्धत अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली मोठ्या प्रमाणावर सुरू केली, आपल्याकडे एअर इंडियाचा फ्लाइंग रिटर्न्स हा माइल्सचा कार्यक्रम १९९४ पासून आहे (आता नाव महाराजा क्लब). सुरुवातीला हिशोब सोपा होता, जितके मैल उडाल तितके माइल्स. आता बऱ्याच कंपन्या अंतर सोडून तुम्ही किती पैसे भरले ते बघतात. एअर इंडियाने स्वतःच्या फ्लाइट्ससाठी एप्रिल २०२४ मध्ये हाच बदल केला. त्यामुळे "एवढ्या लांब गेलो आणि एवढेच पॉइंट्स?" असं कोणी विचारलं तर कारण बहुतेक वेळा हेच असतं, तिकीट स्वस्त होतं.

अलायन्स म्हणजे काय आणि आपल्याला त्याचा काय उपयोग

हा भाग नीट वाचा, सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

विमान कंपन्यांचे तीन मोठे गट आहेत. स्टार अलायन्स १९९७ मध्ये पाच कंपन्यांनी मिळून सुरू केला, त्यात लुफ्थान्सा, युनायटेड, थाई, एअर कॅनडा आणि एसएएस होत्या (एसएएस आता त्यातून बाहेर पडलीय). एअर इंडिया त्यात जुलै २०१४ मध्ये आली. सिंगापूर एअरलाइन्स, टर्किश, स्विस याही त्यातल्याच. दुसरा गट वनवर्ल्ड, त्यात ब्रिटिश एअरवेज, कतार, कॅथे पॅसिफिक. तिसरा स्कायटीम, त्यात एअर फ्रान्स, केएलएम, डेल्टा, व्हर्जिन अटलांटिक. एमिरेट्स आणि इंडिगो यांपैकी कुठल्याच गटात नाहीत, त्यांचं आपलं आपलं.

याचा उपयोग असा की विमान लुफ्थान्साचं असलं तरी माइल्स एअर इंडियाच्या किंवा युनायटेडच्या खात्यात घेता येतात, फक्त नंबर त्या खात्याचा टाकायचा. पण लक्षात ठेवा, एकदा एका खात्यात पडले की तिथून दुसऱ्या कंपनीच्या खात्यात सहसा हलवता येत नाहीत. "दोन्ही स्टार अलायन्सचेच आहेत ना, मग एकत्र करून द्या" असं बरेच जण सांगतात, ते होत नाही. म्हणून कुठे जमवायचे ते तिकीट काढतानाच ठरवायचं.

मग कुठलं खातं धरायचं

आमचं मत सांगतो, पटलं तर बघा.

वर्षा-दोन वर्षांतून एकदाच परदेशी जाणाऱ्या आईबाबांसाठी किती पॉइंट्स मिळतात यापेक्षा ते किती दिवस टिकतात हे महत्त्वाचं. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरचे माइल्स साधारण तीन वर्षांत संपतात, मध्ये तुम्ही प्रवास केला तरी जुन्यांची मुदत वाढत नाही. एमिरेट्सचंही साधारण तीन वर्षंच, आणि तिथे तुमच्या वाढदिवसाच्या महिन्याच्या शेवटी माइल्स जातात, हे अनेकांना माहीतच नसतं. कतार आणि ब्रिटिश एअरवेज यांच्याकडे एव्हिऑस नावाचे पॉइंट्स आहेत, तिथे ३६ महिन्यांत खात्यात काहीतरी हालचाल झाली की सगळे पुन्हा जिवंत, म्हणजे दोन वर्षांनी एक फेरी झाली तरी चालतं. आणि युनायटेडच्या मायलेजप्लसचे माइल्स २०१९ पासून संपतच नाहीत. त्यामुळे मुलं अमेरिकेत, कधी लुफ्थान्सा कधी एअर इंडिया कधी युनायटेड असा प्रवास, आणि तोही कधीमधी, अशा घरांना आम्ही हल्ली सरळ युनायटेडचं खातं उघडायला सांगतो, स्टार अलायन्समधलं सगळं तिथे जमतं आणि मुदतीची काळजी नाही. खातं फुकट उघडतं.

जे महिन्यातून दोनदा दिल्ली-बंगळूर करतात त्यांचं गणित वेगळं. ते एअर इंडियाने जात असतील तर महाराजा क्लब, कारण तिथे गोल्ड लेव्हल (जास्त प्रवास करणाऱ्यांना मिळणारा वरचा दर्जा) मिळाली की ती स्टार अलायन्सचीही गोल्ड होते, मग लाउंज, आधी बोर्डिंग, जास्तीचं सामान हे परदेशात बाकीच्या स्टार कंपन्यांकडेही मिळतं. बहुतेक प्रवास इंडिगोचा असेल तर त्यांचा ब्लूचिप नावाचा पॉइंट्सचा कार्यक्रम २०२४ मध्ये आलाय, तो घ्या, आधी इंडिगोकडे असं खातं नसल्याने खूप जणांनी अजून उघडलेलंच नाहीये.

विस्ताराचे पॉइंट्स कुठे गेले

हा प्रश्न अजून येतो. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराचे पॉइंट्स एअर इंडियाकडे आले, फ्लाइंग रिटर्न्सचंच नाव आता महाराजा क्लब आहे. तुमचं विस्तारात खातं असेल आणि तेव्हापासून एकदाही बघितलं नसेल तर आज बघा. तुमची दोन्हीकडे खाती असतील आणि ईमेल वेगवेगळे दिले असतील तर महाराजा क्लबमध्येही तुमची दोन खाती असू शकतात, ती एक करून घ्यायला लागतात.

आणि यातून एक शहाणपण घ्यायचं ते असं की पॉइंट्स म्हणजे फिक्स डिपॉझिट नव्हे. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली तेव्हा लोकांचे माइल्स बुडाले. जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली, तिचा माइल्सचा कार्यक्रम वेगळ्या कंपनीत होता म्हणून खाती राहिली आणि पुढे इंटरमाइल्स नाव झालं, पण ज्या जेटच्या तिकिटासाठी लोकांनी ते जमवले होते ते तिकीट काही मिळालं नाही. कंपनी बंद नाही पडली तरी आज १०,००० पॉइंट्सला मिळणारं तिकीट उद्या १५,००० चं करायचा अधिकार ते स्वतःकडे ठेवतात, अटींमध्ये लिहिलेलंच असतं. नातवाच्या लग्नाला वापरू म्हणून जमवत बसू नका, तिकिटापुरते झाले की वापरा.

नावाचा घोळ

आपल्या मराठी घरांत सगळ्यात जास्त पॉइंट्स यातच जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पासपोर्टमध्ये दोन रकाने असतात, आडनाव आणि नाव. आपल्याकडे नावाच्या रकान्यात बरेचदा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं दोन्ही असतं. तिकीट पासपोर्टप्रमाणे निघतं. माइल्सचं खातं मात्र भाच्याने घाईत मोबाईलवर उघडून दिलेलं असतं, त्यात फक्त नाव आणि आडनाव. कंप्युटरला ही दोन माणसं वेगळी वाटू शकतात आणि मग पॉइंट्स आपोआप पडत नाहीत. बायकांच्या बाबतीत तर अजून अवघड, पासपोर्ट लग्नानंतरच्या नावाचा आणि खातं नोकरीत असताना माहेरच्या नावाने उघडलेलं, किंवा उलट.

माझ्या आईचंच झालं हे. तिचं खातं जुनं, माहेरच्या आडनावाचं, आणि आम्ही तिकीट नवीन पासपोर्टवर काढून नंबर जुना टाकला, तेव्हा आम्हीही या धंद्यात नवीन होतो आणि लक्षात आलं नाही. जाऊन-येऊन चार फ्लाइट्स झाल्या, एकाचेही पॉइंट्स नाहीत. विमान कंपनीला लिहिलं तर त्यांनी बोर्डिंग पास मागितले, आईने ते घरी आल्याबरोबर टाकून दिले होते. तीन महिने ईमेल चालले आणि शेवटी मुदत संपली म्हणून सांगितलं. तेव्हापासून आमच्या ऑफिसात नियम आहे की नंबर टाकायच्या आधी खात्यातलं नाव आणि पासपोर्टमधलं नाव शेजारी शेजारी ठेवून बघायचं.

तर खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर करून घ्या. बदलायचं असेल तर पासपोर्टची कॉपी आणि गरज पडली तर लग्नाचा दाखला पाठवायला लागतो, त्याला वेळ लागतो म्हणून हे प्रवासाच्या आधीच करा. आणि बोर्डिंग पासचा फोटो काढून ठेवा, पॉइंट्स पडलेले दिसेपर्यंत डिलीट करू नका. सोबत ई-तिकीट नंबर जपा, तो १३ आकडी असतो, एअर इंडियाचा ०९८ ने सुरू होतो, लुफ्थान्साचा २२० ने, सिंगापूरचा ६१८ ने, एमिरेट्सचा १७६ ने. पीएनआर (बुकिंगचा नंबर) पुढे सापडेलच असं नाही, हा नंबर मात्र राहिलेले पॉइंट्स मागताना लागतोच.

अजून एक, तिकिटावर फेअर क्लासचं, म्हणजे तिकीट कुठल्या दराचं आहे ते सांगणारं, एक इंग्रजी अक्षर असतं. सगळ्यात स्वस्त अक्षरांवर, खासकरून दुसऱ्या कंपनीच्या खात्यात माइल्स घेताना, खूप कमी मिळतात किंवा मिळतच नाहीत. ग्रुप टूरच्या तिकिटांवर बहुतेक ठिकाणी नाहीच. आमच्या टूरला येणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं म्हणून इथे लिहितोय.

हॉटेलचं

इथे आमच्या धंद्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट सांगायचीय. विमानाचं तिकीट आमच्याकडून काढलं तरी माइल्स मिळतात. हॉटेलचं तसं नाही. मॅरियट, हिल्टन, हयात, अकोर, या साखळ्यांची रूम आमच्या पोर्टलवरून किंवा कुठल्याही बुकिंग साइटवरून घेतली तर साधारणपणे पॉइंट्स मिळत नाहीत आणि गोल्ड-प्लॅटिनमच्या सवलतीही हॉटेलवाल्याच्या मर्जीवर. पॉइंट्स हवे असतील तर हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर बुक करा. आमचा रेट खूपच कमी असेल तेव्हाच आमच्याकडून घ्या, फरक आम्ही दाखवू.

पुण्यातल्या लोकांना मॅरियट बॉनव्हॉय सोयीचं पडतं, सेनापती बापट रोडचं जेडब्ल्यू, कोरेगाव पार्कचं वेस्टिन, महाबळेश्वरचं ले मेरिडियन हे सगळं एकाच खात्यात. २०१९ मध्ये तीन जुने कार्यक्रम एकत्र करून हे नाव आलं. घरच्या मंडळींना घेऊन महाबळेश्वरला गेलात आणि तीन रूम घेतल्या, पैसे तुम्ही भरले आणि एका रूममध्ये तुम्ही स्वतः राहिलात, तर तिन्ही रूमचे पॉइंट्स तुमच्या खात्यात येतात, फक्त चेक-इनला सांगा. पॉइंट्सवर सलग पाच रात्री घेतल्या तर सगळ्यात कमी पॉइंट्सची रात्र फुकट पडते. नाश्त्याच्या बाबतीत फसू नका, मॅरियटच्या गोल्डला नाश्ता नाही, तो प्लॅटिनमपासून आणि तोही ब्रँडप्रमाणे.

मुदत मॅरियट आणि हयातची २४ महिने, अकोरची ३६५ दिवस, या काळात खात्यात काही झालं नाही तर पॉइंट्स जातात. ताजमध्ये राहणाऱ्यांसाठी टाटाचे न्यूकॉइन्स आहेत, एक कॉइन म्हणजे एक रुपया, हिशोब एकदम सरळ आणि क्रोमा-बिगबास्केटलाही चालतात.

ऑफिसच्या कामाने फिरणाऱ्यांनो, तिकीट कंपनीने काढलं तरी माइल्स उडणाऱ्या माणसाच्या नावावर पडतात. हिंजवडीतून ऑनसाइट जाणारे कितीतरी जण नंबरच देत नाहीत. ट्रॅव्हल डेस्कला एकदा नंबर देऊन ठेवा.

वापरताना एवढा हिशोब करा

समजा तिकीट ६,५०० रुपयांचं आहे आणि पॉइंट्सवर ५,००० पॉइंट्स अधिक ९०० रुपये कर पडतोय (आकडे फक्त समजावण्यापुरते). म्हणजे ५,६०० रुपये वाचले, भागिले ५,०००, पॉइंटमागे १ रुपया १२ पैसे. तेच पॉइंट्स मिक्सर किंवा व्हाउचरवर घालवले आणि ५,००० पॉइंट्सला हजाराचं व्हाउचर आलं तर पॉइंटमागे २० पैसे. पॉइंट्सच्या तिकिटालाही कर भरावा लागतो आणि परदेशी तिकिटावर काही कंपन्या वरून सरचार्ज लावतात, तो कधी कधी इतका असतो की पॉइंट्स वापरण्यात अर्थ राहत नाही. क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स विमान कंपनीकडे पाठवायचे असतील तर आधी सीट आहे का बघा आणि मगच पाठवा, गेलेले परत येत नाहीत.

फसवणूक

"तुमचे रिवॉर्ड पॉइंट्स आज रात्री संपतायत, लगेच रिडीम करा" असा मेसेज आणि सोबत लिंक किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकणारी फाइल) आली तर हात लावू नका, ती उघडली की मोबाईलमधले ओटीपी समोरच्याकडे जायला लागतात. पॉइंट्स खरंच संपतायत का ते स्वतः अ‍ॅप उघडून बघा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकं अवघड होतं.

आमच्याकडे येताना

पासपोर्ट आणा आणि घरातल्या प्रत्येकाच्या माइल्स खात्याचा नंबर लिहून आणा, जुना, अर्धवट आठवणारा असला तरी चालेल, ईमेल माहीत असेल तर शोधता येतो. तुमचा पासवर्ड आणि ओटीपी आम्हाला सांगू नका, आम्ही मागणार नाही, लॉगिन तुम्ही तुमच्या मोबाईलवर करायचं आणि आम्ही शेजारी बसून दाखवू. शनिवारी दुपारनंतर गर्दी कमी असते, ज्येष्ठ मंडळींनी तेव्हा यावं, खातं उघडून द्यायचे किंवा नाव दुरुस्त करून द्यायचे आम्ही काही पैसे घेत नाही.