फर्स्ट पार्ट लास्ट, द

अमेरिकन लेखिका अँजेला जॉन्सन (१९६१– ) यांची किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली इंग्रजी लघुकादंबरी. प्रथम प्रकाशन २००३, सायमन अँड शूस्टर. पृष्ठे जेमतेम १३१. सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा तान्ही मुलगी सांभाळतो, हा तिचा विषय. कुमारवयातील मातृत्वावर इंग्रजीत बरेच लिहिले गेले. बापाच्या तोंडून सांगितलेल्या कादंबऱ्या मात्र थोड्या. मार्गारेट बेशार्ड यांची हँगिंग ऑन टू मॅक्स (२००२) ही हिच्या किंचित आधीची, तर निक हॉर्नबी यांची स्लॅम (२००७) नंतरची.

न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या बॉबीला त्याच्या सोळाव्या वाढदिवशी मैत्रीण निया आपण गरोदर असल्याचे सांगते. त्या वेळी ती लाल फुगा घेऊन पायऱ्यांवर बसलेली असते. मूल दत्तक द्यायचे ठरते, पण शेवटी बॉबी ते स्वतःकडेच ठेवतो. मुलीचे नाव फेदर, म्हणजे पीस. बॉबीची छायाचित्रकार आई एकाच घरात असूनही रात्री बाळ रडले तर उठत नाही. मूल तुझे, तूच बघ, हा तिचा खाक्या. एकदा तर बाळाला शेजारणीकडे सोडून बॉबी दिवसभर भिंतीवर रंगाचे फवारे मारत बसतो आणि पोलिसांच्या हाती लागतो. त्याचे नालायकपण आणि माया दोन्ही लेखिकेने सारख्याच शांतपणे मांडली आहेत.

रचना ‘आता’ आणि ‘तेव्हा’ अशा आलटून पालटून येणाऱ्या छोट्या प्रकरणांची आहे. ‘आता’मध्ये बाळ आहे, निया नाही, ‘तेव्हा’मध्ये निया आहे, बाळ यायचे आहे. दोन्ही धागे पुढेच सरकतात, त्यामुळे निया कुठे गेली हा प्रश्न वाचकाला अखेरपर्यंत धरून ठेवतो. उत्तर असे, की गरोदरपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांमुळे (एक्लॅम्पसिया) ती कायमची बेशुद्धावस्थेत गेलेली असते. एक प्रकरण नियाच्या तोंडी आहे, एकच. शीर्षकाचा उगम बॉबीच्या एका विचारात आहे : जग धड असते, तर माणसे उलट्या क्रमाने जगली असती आणि पहिला भाग शेवटी आला असता. प्रकरणांची उलटसुलट मांडणी या विचाराचाच विस्तार आहे, असे म्हणता येईल.

कादंबरीला ‘पूर्वकथा’ म्हणावे का, याविषयी दुमत संभवते. बॉबी आणि फेदर ही पात्रे जॉन्सन यांच्या हेवन (१९९८) या कादंबरीत आधीच आली होती. तिथे ओहायोतल्या हेवन नावाच्या काल्पनिक गावात मार्ली ही चौदा वर्षांची मुलगी फेदरला सांभाळते. घटनाक्रम पाहिला तर हे पुस्तक आधीचे, प्रकाशनक्रमाने नंतरचे. स्वीट, हिअरआफ्टर (२०१०) धरून तिन्हींना त्रयी म्हटले जाते. तथापि हेवन न वाचताही या पुस्तकात काही अडत नाही, आणि हेवन वाचलेल्याला बॉबी एकटा आहे हे आधीच ठाऊक असल्याने रचनेतला ताण थोडा सैलावतो. त्यामुळे स्वतंत्र कृती म्हणून वाचणे अधिक योग्य वाटते.

२००४ मध्ये कादंबरीला मायकेल एल. प्रिंट्झ पुरस्कार (किशोरवयीनांसाठीच्या उत्कृष्ट पुस्तकाला दिला जाणारा) आणि कोरेटा स्कॉट किंग लेखक पुरस्कार (आफ्रिकी-अमेरिकन लेखकांसाठीचा) असे दोन्ही मिळाले. दुसरा पुरस्कार जॉन्सन यांना यापूर्वी १९९४ व १९९९ मध्येही लाभला होता. प्रिंट्झ २००० पासून दिला जातो. तो मिळालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका जॉन्सन होत. २००३ मध्येच त्यांना मॅकआर्थर अधिछात्रवृत्तीही मिळाली.

कृष्णवर्णीय तरुण बाप म्हणजे पळपुटा, या रूढ समजाला कादंबरीने छेद दिला, म्हणून तिची वाखाणणी होते. नियाच्या बेशुद्धीवर मात्र आक्षेप घेता येतो : आई अशी कथेबाहेर गेली की बापाचे थोरपण आपोआप वाढते आणि दोघांनी मिळून मूल वाढवण्याचा अवघड प्रश्न टळतो. आक्षेपात तथ्य आहे. पण शोक आणि बाळाची रात्रीची बाटली एकाच खोलीत आणण्यासाठी लेखिकेने ही किंमत मोजली, असे उत्तर त्याला देता येते. सामाजिक पार्श्वभूमी पुस्तकात फारशी नाही. अमेरिकेत १५ ते १९ वयोगटातील मुलींमागील जन्मदर १९९१ मधील हजारी सुमारे ६२ वरून २००३ पर्यंत सुमारे ४२ वर उतरला होता. ही मोजणी आईच्या वयावरून होते. जन्मदाखल्यांवर बापाचे वय बऱ्याचदा कोरेच असते, त्यामुळे बॉबीसारखे बाप या आकड्यांत दिसत नाहीत.