एकही गोळी न झाडता दोनदा महावीर चक्र

ठाणेकरांना हवाई दल नवं नाही. कोलशेत रोडच्या कडेची लांबलचक भिंत काय, येऊरच्या डोंगरावरचं केंद्र काय, दोन्ही रोजच्या पाहण्यातली. तरीही शौर्यपदकांचा विषय निघाला की बोलणं परमवीर चक्रावर सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. परमवीर चक्राखालोखालचं युद्धातलं शौर्यपदक म्हणजे महावीर चक्र, आणि ते दोनदा मिळवणाऱ्या विंग कमांडर जगमोहन नाथ यांचं नाव एनडीए या लष्करी प्रबोधिनीची तयारी करणाऱ्या मुलांनाही सांगावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

परमवीर, महावीर आणि वीर ही तिन्ही चक्रं २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली, पण १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. त्यामुळे काश्मीरच्या पहिल्या युद्धात लढलेल्यांनाही ती देता आली. पदकांची रेखाटनं सावित्रीबाई खानोलकर यांची. मूळच्या युरोपातल्या या बाईंनी इथे येऊन विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि संस्कृत-मराठी शिकून त्या इथल्याच झाल्या. महावीर चक्र चांदीचं, गोल. त्यावर पाच टोकांचा तारा असतो, टोकं कडेला टेकलेली, आणि मधोमध सोनेरी मुलाम्याचं राजचिन्ह. फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी. तेच पदक दुसऱ्यांदा मिळालं तर नवं चक्र देत नाहीत. त्याच फितीवर एक पट्टी चढते. अशी पट्टी आजवर फक्त सहा जणांना मिळाली. त्यातले एक आपल्या शेजारच्या अलिबागात जन्मलेले जनरल अरुणकुमार वैद्य. रणगाड्यांच्या लढायांत त्यांनी १९६५ आणि १९७१ अशी दोन्ही वेळा हे पदक मिळवलं.

नाथ यांची लढाई वेगळी होती. ते हवाई दलाच्या १०६ स्क्वाड्रन या तुकडीचे, म्हणजे टेहळणीचे वैमानिक. या स्क्वाड्रनकडे कॅनबेरा जातीची छायाचित्रं घेणारी विमानं होती. दोन इंजिनांच्या या विमानात तोफ नाही, बॉम्ब नाही, फक्त कॅमेरे. वैमानिक आणि मार्ग सांगणारा नॅव्हिगेटर एवढेच दोघे. शत्रूच्या हद्दीत शिरायचं, ठरलेल्या रेषेवरून विमान सरळ न्यायचं आणि परतायचं. ही सरळ रेषाच जिवावर बेतणारी. फोटो नीट यायचा तर वळता येत नाही, उंची बदलता येत नाही, आणि खालच्याला नेमका तोच वेळ नेम धरायला मिळतो. १० एप्रिल १९५९ रोजी याच स्क्वाड्रनचं एक कॅनबेरा पाकिस्तानी सेबर या लढाऊ विमानांनी रावळपिंडीजवळ पाडलं. आतले दोघे हवाई छत्रीने उतरले आणि पकडले गेले. त्यानंतरही उड्डाणं थांबली नाहीत.

विमान उतरल्यावर फिल्म धुऊन निघते आणि खरं काम टेबलावर सुरू होतं. कॅमेरा एकाच जमिनीचे लागोपाठ फोटो असे घेतो की प्रत्येक फोटोचा निम्म्याहून अधिक भाग पुढच्या फोटोतही यावा. असे दोन फोटो शेजारी ठेवून स्टिरिओस्कोपच्या भिंगांतून पाहिलं की सपाट कागदावरचा डोंगर एकदम उठून दिसतो. सावलीच्या लांबीवरून झोपडीची उंची काढता येते. गेल्या महिन्यात नसलेली पायवाट, नवे तंबू, ट्रकच्या चाकोऱ्या हे सगळं तिथे कळतं. घोडबंदरच्या बुरुजावरून खाडीवर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्याचंच हे काम. फक्त बुरुज ताशी शेकडो किलोमीटरने पळणारा.

१९६० ते १९६२ या काळात नाथ यांनी लडाखला लागून असलेल्या अक्साई चीन आणि तिबेटवर अशी अनेक उड्डाणं केली. चीनने तिथून बांधलेला रस्ता १९५७ मध्येच पुरा झाला होता. नाथ यांनी चिनी सैन्याच्या जमवाजमवीचे पुरावे आणले. २० ऑक्टोबर १९६२ ला हल्ला झाला, तेव्हा आपल्या हवाई दलाने रसद पोचवली, जखमी आणले, पण लढाऊ विमानं वापरायची नाहीत असाच निर्णय राहिला. तिबेटात चीनचं हवाई बळ दिसत नव्हतं, मग आपण विमानं का वापरली नाहीत, हा प्रश्न नाथ पुढे मुलाखतींमधून विचारत राहिले. मला तो प्रश्न रास्त वाटतो. एखादा माणूस जीव धोक्यात घालून पुरावा आणतो, आपण त्याला त्यासाठी महावीर चक्र देतो, आणि पुराव्यावरून जो निर्णय घ्यायचा तो मात्र घेत नाही, हे पटणं कठीण आहे. शिवाय मोहिमा गुप्त असल्याने पदक कशासाठी मिळालं हेही लोकांना वर्षानुवर्षं धड कळलं नाही.

१९६५ मध्ये समोर पाकिस्तान होता, आणि त्याच्याकडे सेबरबरोबर आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणारी स्टारफायटर लढाऊ विमानंही होती. कॅनबेराचा वेग आवाजापेक्षाही कमी. तरी नाथ भर दिवसा शत्रूच्या हद्दीत खोलवर गेले. लाहोरच्या पूर्वेला पाकिस्तानने बचावासाठी खोदलेला इच्छोगिल कालवा आपल्या लष्कराच्या वाटेत आडवा होता. अशा ठिकाणी पलीकडे काय आहे हे कळल्याशिवाय पाऊल टाकणं म्हणजे अंधारात उडी. या युद्धातल्या टेहळणीसाठी त्यांच्या फितीवर पट्टी चढली.

हवाई दलात असा दुहेरी मान मिळालेले आणखी एकच अधिकारी, पद्मनाभ गौतम, आणि तेही कॅनबेराचेच वैमानिक, मात्र बॉम्बफेकीच्या मोहिमांतले.

१०६ स्क्वाड्रनचं काम पुढेही तितकंच जोखमीचं राहिलं. कारगिल युद्धात २१ मे १९९९ रोजी, हवाई दलाचे हल्ले सुरू व्हायच्या आधीच, स्क्वाड्रन लीडर पेरुमल यांच्या कॅनबेराला छायाचित्रं घेताना खांद्यावरून सोडलेलं क्षेपणास्त्र लागलं. एका इंजिनावर त्यांनी विमान श्रीनगरला उतरवलं. कॅनबेरा हवाई दलातून निवृत्त झालं ते २००७ मध्ये, आग्र्यात, पन्नास वर्षांच्या सेवेनंतर.