मानांकन आणि सामन्यांची ठिकाणे (एनसीएए बास्केटबॉल स्पर्धा)

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडासंस्था एनसीएए दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये पहिल्या श्रेणीच्या संघांसाठी पुरुषांची बास्केटबॉल स्पर्धा भरवते. या स्पर्धेत कोणी कोणाशी आणि कोणत्या शहरात खेळायचे, हे सोडतीवर न सोपवता एक निवड समिती ठरवते. मानांकन आणि ठिकाण या दोन्ही गोष्टी येथे एकत्रच ठरतात. वरच्या संघाला तुलनेने दुबळा प्रतिस्पर्धी तर मिळतोच, शिवाय शक्य तितके घराजवळचे मैदानही मिळते; आणि चाहत्यांना सहज पोहोचता येईल असे मैदान हा बाद पद्धतीच्या स्पर्धेत लहानसहान लाभ नव्हे.

1939 मध्ये आठ संघांनिशी सुरू झालेल्या या स्पर्धेत दीर्घकाळ मानांकन नव्हतेच. संघ भूगोलानुसार विभागांत पडत आणि प्रत्येक कॉन्फरन्समधून, म्हणजे हंगामात आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातून, एकाच संघाला प्रवेश मिळे. 1974 मध्ये मेरीलँडचा बलाढ्य संघ अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडून जादा वेळेत 103-100 असा हरला आणि घरी बसला. त्याला हरवणारा संघ पुढे राष्ट्रीय विजेता झाला. पुढच्याच वर्षापासून एका कॉन्फरन्समधून एकाहून अधिक संघ घेतले जाऊ लागले. 1979 मध्ये सर्व संघांना मानांकन मिळाले, 1985 मध्ये संघांची संख्या 64 झाली आणि 2011 मध्ये 68.

समिती प्रथम सर्व संघांची 1 ते 68 अशी एकच क्रमवारी लावते. त्यासाठी 2018-19 च्या हंगामापासून ‘नेट’ ही गणिती क्रमवारी वापरात आहे. मात्र ती केवळ साधन आहे, अंतिम निर्णय सदस्यांचाच असतो. पहिल्या चार संघांना चार विभागांत पहिले मानांकन, पुढील चारांना दुसरे, असे करत प्रत्येक विभागात 1 ते 16 मानांकने भरली जातात. पहिल्या फेरीत पहिला सोळाव्याशी, पाचवा बाराव्याशी, आठवा नवव्याशी भिडतो. म्हणजे प्रत्येक जोडीच्या मानांकनांची बेरीज 17 भरते. 68 पैकी आठ संघांना त्याआधी ओहायो राज्यातील डेटन येथे प्राथमिक सामने खेळावे लागतात.

खरी गुंतागुंत विभागवाटपात आहे. चारही विभागांचे बळ सारखे राखायचे, तर सर्वांत बलवान पहिल्या मानांकिताच्या विभागात सर्वांत कमकुवत दुसरा मानांकित यायला हवा. परंतु क्रमवारीतील प्रत्येक संघाला पाळीपाळीने त्याच्या जवळचे ठिकाण देण्याचे धोरण असल्याने हे तंतोतंत साधत नाही. त्यातच एका कॉन्फरन्सच्या अव्वल संघांना वेगवेगळ्या विभागांत ठेवावे लागते, आणि धार्मिक कारणाने रविवारी न खेळणाऱ्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाला गुरुवार-शनिवारच्या सामन्यांतच जागा द्यावी लागते. 2002 पासून पहिल्या दोन फेऱ्यांसाठी चार-चार संघांचे गट करून ते आठ शहरांत, प्रत्येकी दोन याप्रमाणे, विभागले जातात. एका शहरातील दोन गट एकाच विभागातले असण्याची अट नाही. त्यामुळे पूर्व विभागातला संघ आपले पहिले दोन सामने पश्चिमेतही खेळू शकतो, आणि विभागाचे नाव पुढील आठवड्यातील सामन्यांच्या शहरापुरतेच अर्थपूर्ण उरते.

घरच्या मैदानावर मात्र कोणालाही खेळता येत नाही. ज्या मैदानावर संघाने नियमित हंगामात तीनपेक्षा अधिक सामने खेळले, ते त्याचे घरचे मैदान मानले जाते. पूर्वी अशी बंदी नव्हती. 1986 मध्ये अकरावे मानांकन असलेल्या लुइझियाना स्टेटने बॅटन रूज येथील स्वतःच्या मैदानावर पहिले दोन सामने जिंकले आणि थेट उपांत्य फेरी गाठली. त्याच वर्षी दुसरे मानांकन असलेला सिराक्यूज मात्र घरच्याच प्रेक्षकांसमोर नेव्हीकडून (अमेरिकी नौदल अकादमीच्या संघाकडून) हरला.

महिलांच्या स्पर्धेत उलट प्रथा आहे: तेथे क्रमवारीतले पहिले सोळा संघ पहिल्या दोन फेऱ्यांचे यजमान असतात. कमी अंतर आणि भरलेले प्रेक्षागृह यांसाठी ही व्यवस्था उपयुक्त ठरली असली, तरी पाहुण्या संघांवर तिचा भार पडतो. तो भार पेलणारे संघही आहेत. 1998 मध्ये सोळावे मानांकन असलेल्या हार्वर्डने पहिल्या मानांकित स्टॅनफर्डला स्टॅनफर्डच्याच मैदानावर 71-67 असे हरवले. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला हरवण्याचा प्रसंग त्यानंतर वीस वर्षांनी, 2018 मध्ये, तटस्थ शहरात घडला: मेरीलँड-बाल्टिमोर काउंटीने व्हर्जिनियाचा 74-54 असा पराभव केला.